पेशी गेल्या कुठं? : एका प्रयोगाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

तिसरी मंजुरीही आज हातात आली. प्राण्यांवरच्या प्रयोगांची समिती, जैवसुरक्षा समिती आणि मूलपेशी संशोधनाची समिती, तिघींच्या सह्या झाल्या. पहिला अर्ज गेल्या ऑगस्टात दिला होता. आजपासून ही वही सुरू.

काम असं. बाळाच्या नाळेतून वेगळ्या केलेल्या मीसेंकायमल मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा बनू शकतं अशा पेशी, घ्यायच्या. त्यांच्या जनुकसंचात काजव्याचं एक जनुक बसवायचं, म्हणजे त्या उजेड देतील. त्याच पेशींच्या पोटात लोहाचे कणही भरायचे, म्हणजे त्या एमआरआयवर दिसतील. मग त्या उंदरात सोडायच्या आणि उंदीर न कापता, त्याच जिवंत उंदरांना पुन्हा पुन्हा बघत, चार आठवडे त्यांचा माग काढायचा. पूर्वी दर टप्प्याला काही उंदीर मारून त्यांच्या ऊतींचे काप बघावे लागत. तो उंदीर पुढच्या आठवड्यात कसा असता, हे मग कधीच कळत नसे.

हा विषय मी का घेतला तेही लिहून ठेवते. २०१८ साली माझ्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. पुढच्या वर्षी एका क्लिनिकनं त्यांच्याच कमरेच्या हाडातून मगज काढला, त्यावर 'प्रक्रिया' केली आणि सलाइनमधून शिरेत सोडला. असं तीन वेळा. त्यासाठी शेताचा एक तुकडा विकला. काकांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "पेशी मेंदूपर्यंत पोचल्या हे कशावरून?" उत्तर मिळालं, "जिथं इजा असते तिथं त्या आपोआप जातात." आपल्याकडच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे उपचार रीतसर मंजूर चाचणीबाहेर करताच येत नव्हते, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा काकांनी तोच प्रश्न मला विचारला. "तू शिकतेस ना यातलं? मग सांग, गेल्या कुठं त्या?"

२६ फेब्रुवारी

खुणेवर मॅडमशी, माझ्या मार्गदर्शकांशी, दोन तास चर्चा झाली. सगळा प्रकल्प यावर उभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशींना खूण करायचे दोन मार्ग. एक म्हणजे बाहेरून काहीतरी भरायचं: लोहाचे कण, किंवा इंडियम-१११ सारखा किरणोत्सारी पदार्थ. हे सोपं असतं, एका रात्रीत होतं, जनुकांना हात लावावा लागत नाही. पण पेशी मेली तरी भरलेली वस्तू तिथंच राहते. मिरवणूक पुढं गेली तरी रस्त्यावर गुलाल उरतो, तसं. शिवाय पेशी दुभंगली की खूण अर्धी अर्धी वाटली जाते आणि काही पिढ्यांत फिकी पडते.

दुसरा मार्ग जनुकाचा. पेशीलाच असं जनुक द्यायचं की तिनं स्वतः खूण तयार करावी. काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याशी जुळलं की उजेड पडतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. एटीपी जिवंत पेशीकडेच असतं. पेशी मेली की दिवा विझला. पेशी दुभंगली तर जनुक दोघींकडे पूर्ण जातं, खूण फिकी पडत नाही.

मग लोह हवंच कशाला, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "उजेड कुठून येतोय हे तुला मिलिमीटरात सांगता येईल का?" नाही येणार. ऊतींतून बाहेर येताना प्रकाश विखुरतो, शोषला जातो, आणि कॅमेऱ्याला त्वचेवर नुसता एक ढग दिसतो. एमआरआय मात्र स्नायूच्या कुठल्या थरात काय आहे ते दाखवतो. म्हणून दोन्ही खुणा, एकाच पेशीत.

प्रमोटरवरही बोलणं झालं. प्रमोटर म्हणजे जनुकाच्या आधीचा तो तुकडा, जो जनुक चालू ठेवतो. आमच्या एका सिनिअरनं सायटोमेगॅलो विषाणूचा प्रमोटर वापरला होता. काही आठवड्यांत त्याच्या पेशी अंधारल्या, पण डिशमध्ये त्या धडधाकट होत्या. मूलपेशी असा परका प्रमोटर मिथिल गट लावून गप्प करतात. त्यानं तीन महिने 'पेशी मरताहेत' असं समजून काढले. आम्ही मानवी ईएफ-१ अल्फा प्रमोटर घेतोय.

१४ मार्च

काजव्याचं जनुक पेशींत पोचवणारा विषाणू तयार झाला. विषाणू बनवायला वापरतात त्या २९३-टी पेशींत प्लास्मिड, म्हणजे डीएनएची कडी, घालून ४८ आणि ७२ तासांनी वरचं द्रव गोळा केलं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. हा लेंटिव्हायरस स्वतःची संख्या वाढवू शकत नाही, जनुक पोचवतो आणि तिथं संपतो. तरी दुहेरी हातमोजे घातले आणि पिपेटची सगळी टोकं ब्लीचमध्ये टाकली.

२ एप्रिल

सॉर्टिंग झालं, म्हणजे जनुक बसलेल्या पेशी निवडून काढल्या. ल्युसिफरेजबरोबर टीडी-टोमॅटो हे लाल चमकणारं प्रथिनही जोडलं होतं, त्यामुळे मशिनला लाल पेशी वेगळ्या काढता आल्या. पेशी पाचव्या पॅसेजला आहेत, म्हणजे वाढल्या की नव्या फ्लास्कमध्ये हलवायची पाचवी खेप. या पेशी फार वेळा दुभंगल्या की थकतात, पसरट आणि मोठ्या होतात. सातव्या पॅसेजच्या आत सगळं उरकायचं आहे. आजच दहा व्हायल गोठवून ठेवल्या.

१९ एप्रिल

लोह भरण्याचा दिवस. यासाठी पूर्वी फेरुमॉक्साइड वापरत, ते बाजारातून गेलं. आता फेरुमॉक्सिटॉल आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ साली मंजूर झालेलं हे शिरेतून द्यायचं औषध. पण नुसतं घातलं तर पेशी त्याला विचारतही नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेली एक युक्ती आहे: हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), प्रोटामिन (त्याचा उतारा) आणि फेरुमॉक्सिटॉल ठरावीक क्रमानं मिसळले की ते आपसांत चिकटून बारीक गोळे बनवतात आणि पेशी ते गिळतात. तिन्ही वस्तू औषध म्हणून आधीपासून वापरल्या जाणाऱ्या, हे मला फार आवडलं. मिलिलिटरला हेपारिन २ युनिट, प्रोटामिन ६० मायक्रोग्रॅम, फेरुमॉक्सिटॉल ५० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या माध्यमात. सीरम आधीच घातलं तर गोळे नीट बनत नाहीत. काही तासांनी सीरम घालून रात्रभर ठेवलं.

सकाळी हेपारिनच्या पाण्यानं तीनदा धुऊन प्रशियन ब्लूनं रंगवलं, हा रंग लोह निळं दाखवतो. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ प्रत्येक पेशीत निळे ठिपके, केंद्रकाभोवती गर्दी करून बसलेले. ज्युनिअरला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, निळीच्या पाण्यात बुडवल्यासारख्या दिसतात." वहीत फोटो चिकटवला आहे.

३ मे

उजेडाची मोजपट्टी केली. ९६ खणांच्या काळ्या प्लेटमध्ये ५०० पासून ५०,००० पर्यंत पेशी ठेवल्या, ल्युसिफेरिन घातलं, कॅमेऱ्याखाली ठेवलं. उजेड पेशींच्या संख्येबरोबर सरळ रेषेत वाढला. लोह भरलेल्या आणि न भरलेल्या पेशींत डोळ्यांत भरेल असा फरक नाही.

पेशींचा मूळ स्वभाव बदलला नाही ना, हेही तपासत होते. चरबीच्या दिशेनं नेलेल्या पेशी ऑइल रेड-ओ नं लाल रंगल्या, हाडाच्या दिशेनं नेलेल्या अलिझरिन रेडनं. कूर्चेची चाचणी अजून बाकी आहे. तीच मला महत्त्वाची वाटते, कारण जुन्या फेरुमॉक्साइडनं पेशींचा कूर्चा होण्याचा रस्ता अडतो असं २००४ सालीच दिसलं होतं. ज्यावर नजर ठेवायची त्यालाच खुणेनं बदलून टाकलं तर मग बघतोय काय?

२१ मे

उन्हाळ्यात अ‍ॅनिमल हाऊसचा एसी दोनदा बंद पडला, तारखा पुढं गेल्या. या वेळात वाचन केलं.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाचा २००५ चा निबंध पुन्हा वाचला. मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना त्यांच्याच डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला शत्रू ओळखवून देणाऱ्या पेशी, लसीसारख्या दिल्या होत्या, लोह आणि इंडियम-१११ अशा दोन्ही खुणा करून. सुई अल्ट्रासाउंडवर बघत बघत लसिकाग्रंथीत घातली होती. एमआरआय केल्यावर दिसलं की आठपैकी चौघांत पेशी ग्रंथीत पोचल्याच नव्हत्या, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या. करणारे निष्णात, समोर पडदा, आणि तरी निम्म्या वेळा नेम चुकला. एमआरआय झाला नसता तर त्या चौघांवर 'लस चालली नाही' असा शिक्का बसला असता. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

आणखी एक निबंध तेहरानचा, २०११ चा. यकृताच्या सिरॉसिसच्या रुग्णांना मीसेंकायमल पेशी हाताच्या शिरेतून दिल्या, इंडियमची खूण करून. पहिल्यांदा सगळा जमाव फुप्फुसांत. मग काही तासांपासून काही दिवसांत खूण यकृत आणि प्लीहेकडे सरकलेली. पण पेशी सरकल्या की मेलेल्या पेशींतून सुटलेलं इंडियम तिकडं गेलं, हे नुसत्या इंडियमवरून सांगता येत नाही.

९ जून

काल भंडारदऱ्याला गेले होते. एका हिरड्याच्या झाडावर काजव्यांची लहर खालून वर जात होती. आमच्या पेशींतलं जनुक उत्तर अमेरिकेतल्या काजव्याचं, हे वेगळे. रसायन मात्र तेच. रात्री अकरापर्यंत तिथून हलावंसं वाटलं नाही.

१७ जून, दिवस ०

आज पेशी सोडल्या. न्यूड जातीचे दहा उंदीर. त्यांना केस नसल्यानं उजेड अडत नाही, आणि परक्यांवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी नसल्यानं मानवी पेशी लगेच नाकारल्या जात नाहीत.

सहा उंदरांच्या उजव्या मांडीत ५ लाख जिवंत पेशी. डाव्या मांडीत त्याच फ्लास्कमधल्या ५ लाख पेशी, पण द्रव नायट्रोजनमध्ये तीनदा गोठवून वितळवून मारलेल्या. ट्रिपॅन ब्लूनं तपासल्या, सगळ्या निळ्या, म्हणजे एकही जिवंत नाही. लोह दोन्हीकडे सारखंच. मेलेल्या पेशी घालायची कल्पना मॅडमची आणि मला ती या प्रयोगाचा कणा वाटते.

उरलेल्या चार उंदरांना शेपटीच्या शिरेतून ५ लाख पेशी, काकांना दिल्या तशा.

शेपटीची शीर अ‍ॅनिमल हाऊसच्या मामांनी पकडून दिली. शेपटी कोमट पाण्यात धरून शीर फुगवतात. तीस वर्षांचा हात आहे त्यांचा. चारही सुया पहिल्या फटक्यात.

संध्याकाळी शेपटीचे चारही उंदीर कॅमेऱ्याखाली घेतले. किलोला १५० मिलिग्रॅम ल्युसिफेरिन पोटात, आयसोफ्लुरेनची भूल, मग काळ्या पेटीत. चौघांचाही उजेड छातीतून. फक्त छातीतून. या पेशी १५ ते ३० मायक्रॉन रुंद, फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याहून अरुंद. शिरेतून निघालेलं रक्त हृदयातून सगळ्यात आधी फुप्फुसांतच जातं, आणि पेशी तिथंच अडकतात. पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. डोळ्यांनी बघताना हात थांबला.

१९ जून, दिवस २

शेपटीच्या गटात छातीतला उजेड कालच पुष्कळ उतरला होता, आज दोघांत जवळजवळ नाही. डोक्याकडे, यकृताकडे कुठंच नवा उजेड नाही. दोन दिवसांत खेळ संपत आला.

मांडीच्या गटाचा एमआरआय दुसऱ्या संस्थेत, ७ टेस्लाच्या यंत्रावर. उंदीर गाळणीच्या झाकणांच्या पिंजऱ्यांतून, गाडीचा एसी लावून नेले. लोह आजूबाजूचं चुंबकक्षेत्र विस्कटतं, त्यामुळे टी-२ स्टार या प्रकारच्या एमआरआय चित्रात तिथं काळं भोक पडतं. दोन्ही मांड्यांत काळे डाग. उजव्या आणि डाव्यात मला फरक सांगता आला नाही. तिथल्या तंत्रज्ञांना कुठल्या बाजूला काय आहे ते न सांगता विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

उजेडाच्या चित्रात सहाही उंदरांची उजवी मांडी लखलखीत, डावी अंधारी.

२४ जून, दिवस ७

एका उंदराच्या बाबतीतली माझी चूक लिहून ठेवायलाच हवी. तिसऱ्या क्रमांकाच्या उंदराच्या उजव्या मांडीत आज काहीच उजेड नव्हता. बाकी पाचांत होता. मी वहीत 'पेशी मृत' असं लिहूनसुद्धा टाकलं. ज्युनिअर म्हणाली, "ताई, ल्युसिफेरिन नीट गेलं का?" पोटात सुई घालताना ती कधीकधी आतड्यात शिरते, मग द्रव्य रक्तात पोचतच नाही.

२५ जून

तिसऱ्या उंदराला पुन्हा ल्युसिफेरिन दिलं. या वेळी दर दोन मिनिटांनी चित्र घेतलं. पंधराव्या मिनिटाला उजेड कळसाला, बाकीच्यांइतकाच. कालची ओळ खोडली, पुसली नाही, शेजारी कारण लिहिलं. यापुढे प्रत्येक वेळी एकच चित्र न घेता अर्धा तास मालिका घ्यायची. उजेड नाही याचे अर्थ तीन निघतात: पेशी मेली, जनुक गप्प झालं, किंवा द्रव्य पोचलं नाही. तिसरा नेहमी आधी तपासायचा.

१ जुलै, दिवस १४

पालख्या शहरात मुक्कामाला आहेत, निम्मे रस्ते बंद. मी लकडी पुलापासून चालत आले, वारकऱ्यांच्या रांगांतून. आजचा एमआरआय परवावर ढकलला.

उजव्या मांडीतला उजेड सगळ्यांत उतरतोय. पहिल्या दिवसाच्या मानानं चौघांत अगदी पुसट, दोघांत बरा.

३ जुलै

एमआरआय. दोन्ही मांड्यांत डाग तसेच, काळेभोर. डाव्या मांडीत सोळा दिवसांपूर्वी मेलेल्या पेशी घातल्या होत्या. ते चित्र कुणाला संदर्भाविना दाखवलं तर तो म्हणेल, वा, काय छान टिकल्यात पेशी.

१५ जुलै, दिवस २८

शेवटचा उजेड. दोघांत फार फिका, चौघांत पार्श्वभूमीइतकाच. उद्या शेवटचा एमआरआय, आणि मग उंदीर.

१६ जुलै

डाग थोडे आक्रसलेत, पण सगळे आहेत. दहाही उंदरांचं काम आज संपलं. मामांनी नेहमीप्रमाणे हात जोडले, मीही जोडले. मांड्यांचे स्नायू, फुप्फुसं, यकृत, प्लीहा फॉर्मेलिनमध्ये.

१८ जुलै

संजीव गंभीर यांना जाऊन आज चार वर्षं झाली. अंबाल्यात जन्मले, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात वाढले, जिवंत शरीरात पेशींचा माग काढण्याच्या या सगळ्या क्षेत्राला त्यांनी स्टॅनफर्डला आकार दिला. आज मुद्दाम त्यांच्या गटाचा २००९ चा निबंध काढला. ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचा एक रुग्ण. त्याच्या टी-पेशींत नागीण गटातल्या हर्पिस विषाणूचं थायमिडीन कायनेज हे जनुक बसवलेलं. एफएचबीजी नावाचा, किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला पदार्थ शिरेतून दिला की ते विकर त्याला पेशीच्या आत अडकवतं आणि शरीरातला किरणोत्सार टिपणाऱ्या पेट स्कॅनवर त्या पेशी दिसतात. जनुकाच्या खुणेनं माणसाच्या शरीरातल्या उपचारपेशी अशा पहिल्यांदा पाहिल्या गेल्या. २०१७ साली त्याच वाटेनं सात रुग्ण झाले. गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिलं तर हेच जनुक पेशीला मारतं, म्हणजे पेशी बिथरल्या तर थांबवायची सोयही त्यातच.

आपल्या काजव्याच्या उजेडाला ही वाट बंद आहे. उंदराच्या मांडीतून तो निघतो, माणसाच्या छातीतून निघणार नाही. माणसासाठी खूण गॅमा किरणांची किंवा चुंबकाची हवी.

२६ जुलै

काल पावसानं शहर बुडालं, सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे दुपारी वीज गेली, जनरेटरवर फ्रीझर वाचले.

आज काप बघितले. डावीकडे प्रशियन ब्लूनं निळं भरपूर, हे अपेक्षित होतं. उजवीकडेही निळं भरपूर. शेजारच्या कापावर दोन खुणा लावल्या: मानवी केंद्रकांची आणि उंदराच्या भक्षकपेशींची, म्हणजे एफ-४/८० ची. निळं जिथं होतं तिथं बहुतेक सगळीकडे भक्षकपेशी. आमच्या पेशी मेल्या, उंदराच्या भक्षकपेशींनी त्यांचे अवशेष लोहासकट गिळले आणि त्या तिथंच बसून राहिल्या. एमआरआय चार आठवडे ज्यांचा फोटो काढत होता त्या आमच्या पेशी नव्हत्याच. मानवी केंद्रकं शोधून शोधून सापडली, ती त्याच दोन उंदरांत ज्यांचा उजेड शेवटपर्यंत थोडा होता. उजेड खरं बोलत होता.

लोह निरुपयोगी आहे असं मात्र मी लिहिणार नाही. पहिल्या दोन दिवसांत सुई कुठं पडली हे लोहासारखं कुणी सांगत नाही. नायमेखनच्या त्या चौघांना तेच कळायला हवं होतं. पण 'पेशी जगल्या' असं म्हणायला लोहाचा दाखला चालणार नाही, आणि नुसत्या काळ्या डागावर असा दावा करणारा निबंध माझ्याकडे परीक्षणाला आला तर मी मेलेल्या पेशींची मांडी मागेन.

४ ऑगस्ट

गावी गेले होते. काका ओटीवर खुर्चीत होते. लॅपटॉपवर शेपटीच्या उंदरांचं पहिल्या संध्याकाळचं चित्र दाखवलं. समजावलं की या उंदरात सोडलेल्या पेशी आहेत, तुमच्या नव्हेत, आणि तुमच्या शरीरात नेमकं काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्यांना खूणच केली नव्हती. पण शिरेतून गेलेल्या अशा पेशी आधी इथं अडकतात.

त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. "म्हणजे डोक्यापर्यंत गेल्याच नसतील?"

"बहुतेक नाही, काका."

बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे छापून दे मला. आपल्या तालुक्यातून अजून लोक जातायत तिकडं." काकूंनी मान दुसरीकडे वळवली. त्या शेताबद्दल अजूनही घरात कुणी बोलत नाही.

दोन प्रती छापून दिल्या, खाली मराठीत चार ओळी लिहून.

८ ऑगस्ट

पुढच्या टप्प्याचा अर्ज सुरू केला. खूण सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टरची. हे जनुक माणसाचंच, थायरॉइडमध्ये ते मुळातच चालू असतं, म्हणून प्रतिकारयंत्रणेला परकं वाटण्याची भीती कमी. ते ज्या पेशीत चालू असेल ती टेक्नेशियम-९९-एम पर्टेक्नेटेट हा किरणोत्सारी पदार्थ आत ओढून घेते, आणि तो पदार्थ अणुवैद्यक विभाग असलेल्या रुग्णालयात रोज वापरात असतो. अर्धायुष्य सहा तास, त्यामुळे पुन्हा पुन्हा बघता येतं. अडचण अशी की थायरॉइड आणि जठर ते स्वतःही ओढतात आणि मूत्राशयात ते साचतं, तेव्हा त्या भागांतल्या पेशी दिसणार नाहीत. मेंदूतही अडचण: रक्त-मेंदू अडथळा शाबूत असेल तर ते आत शिरत नाही. काकांसारख्या रुग्णासाठी ही खूण अपुरी पडेल, हे अर्जात स्पष्ट लिहिलं आहे. मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारून 'राहू दे' असं लिहिलं.

मेलेल्या पेशींचा गट याही वेळी आहे. कूर्चेची राहिलेली चाचणी सोमवारी लावायची, त्यासाठी आज एक व्हायल वितळवली.